दौंडच्या पोरींचा न वळणारा रोबो

त्या शनिवारी शिरूरला रोबोची स्पर्धा होती. दौंडहून सकाळच्या एसटीनं निघालो तेव्हा रोबो माझ्या मांडीवर होता आणि नसीमनं त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं... माझ्यावर तिचा तेवढा भरवसा नव्हता!

दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल, आठवीत होतो. एका कंपनीनं आसपासच्या शाळांना महिनाभर वापरायला एक पेटी दिली होती. प्लॅस्टिकच्या पट्ट्या, चाकं, गिअर, मोटारी, आणि साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा एक ठोकळा... तो रोबोचा मेंदू.

कॉम्प्युटरवर चित्रं एकापुढे एक लावून प्रोग्रॅम बनवायचा, तो ठोकळ्यात टाकायचा आणि बटण दाबायचं. पहिल्यांदा गाडी आपली आपण चालली तेव्हा नसीम किंचाळली आणि मी बाकावर चढले. भूगोलाचे सर (रोबोचेही तेच, दुसरं कोणी रिकामं नव्हतं) आमच्यावर ओरडले, आणि मग स्वतःच परत परत चालवून बघत बसले.

पण मला स्पर्धेचं एवढं वेड लागायचं कारण वेगळंच होतं. नसीमचे अब्बा रेल्वेत गार्ड, त्यांची भुसावळला बदली झाली होती. वार्षिक परीक्षा संपली की ते सगळे जाणार होते.

शिरूरला जे पहिले येतील त्यांना पुण्यात दोन दिवस मुक्कामी शिबिर होतं. एरवी नसीमला कुठं मुक्कामी पाठवायचा प्रश्नच नव्हता, पण अब्बा म्हणाले होते, नंबर आला तर जा. दोन दिवस... शेजारी शेजारी झोपायचं, एका ताटात जेवायचं, सगळं ठरवून झालं होतं आमचं.

काम तसं सोपं होतं. टेबलाच्या एका टोकाला काळ्या चिकटपट्टीचा चौकोन, ते रोबोचं घर. तिथून निघायचं, दुसऱ्या टोकाचा डबा पकडायचा आणि घरात आणून ठेवायचा.

आता आम्ही दोघी पडलो रेल्वे कॉलनीतल्या. पुण्याहून मनमाडकडं जाणारी गाडी तेव्हा दौंडला यायची, इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी आली तिकडंच उलटी निघायची. जन्मापासून तेच बघितलेलं... रोबोला वळवायचं असतं हे आमच्या डोक्यातच आलं नाही, शप्पथ!

त्यामुळे आमचा प्रोग्रॅम असा: डबा पकडायचा, जरा थांबायचं, शिट्टी मारायची आणि मोटारी उलट्या फिरवून मागं यायचं. काळी पट्टी ओळखणारा सेन्सरही आम्ही हौसेनं मागच्या बाजूलाच लावला. शाळेत घर म्हणून नुसती एक आडवी पट्टी चिकटवली होती, रोबो तिच्यावर येऊन थांबला की आम्ही नाचायचो.

शिरूरला आमच्या शिट्टीला टाळ्या पडल्या. रोबो अगदी सरळ मागं आला, शेपूट चौकोनाच्या पट्टीला लागलं आणि थांबला... अख्खा रोबो घराबाहेर, आणि डबा त्याच्या तोंडाशी, घरापासून आणखीच लांब!

"अगं, हा वळला का नाही?" परीक्षक मॅडमनी विचारलं.

"मॅडम, गाडी कशाला वळंल? इंजिन तिकडनं लागतंय ना!" नसीम म्हणाली.

हॉल खो खो हसला. मॅडमही हसल्या, तिची पाठ थोपटली... पण डबा घरात नव्हता तो नव्हताच. शिरूरच्या पोरांचा रोबो गर्रकन वळला, डबा आत ठेवून मोकळा झाला, आणि नंबर त्यांचा आला.

परतीच्या एसटीत सरांनी रिकामी पेटी आमच्या मांडीवर दिली. सकाळी कंपनीचा माणूस न्यायला येणार होता, सगळे भाग सुटे करून ज्याच्या त्याच्या कप्प्यात पाहिजे होते. नसीमनं सोडवायचं आणि मी भरायचं असं ठरलं.

सरळ सांगते, मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. न्हावरं गेलं, चौफुला गेला. वरवंडला भाजीच्या पाट्या घेऊन बायका चढल्या, तेव्हा सरांनी पुढच्या सीटवरून वळून विचारलं, "झालं न्हाई व्हय गं अजून?"

"लई घट्ट बसलंय, सर."

मी बघितलं. घट्ट कसलं डोंबलाचं! ती दोन पट्ट्या सोडवत होती, आणि सरांचं तोंड पुढं झालं की एक परत लावत होती.

माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मी कप्प्यातलं एक चाक काढून गुपचूप तिच्या हातात दिलं.

मग आम्ही तो रोबो सोडवतही होतो आणि जोडतही होतो. मध्येच एकमेकींकडं बघून हसायला यायचं, की लगेच खाली बघायचो. पाटस मागं पडलं, आता पुढं दौंडच, तशी नसीमनं हळूच मेंदूचा ठोकळा काढून माझ्याकडं दिला, आणि मग मात्र भराभर सगळं सुटत गेलं.

परीक्षा झाली, ते लोक गेले. एक-दोन पत्रं आली, मग त्यांचं घर बदललं असावं... तेव्हा कुणाकडं फोन होते!

आता माझ्या कपाटात तसलीच एक पेटी आहे, स्वतःसाठी घेतलेली, हसा खुशाल. या वयात रोबो वळवायला जमतं मला. पण जोडून झाला की सोडवायचं जिवावर येतं, आणि शेजारी कुणी नसतं म्हणून जास्तच येतं.

पुण्याचं शिबिर हुकलं त्याचं आता काही वाटत नाही. पण देवा, एवढं एक मागणं तेव्हा सुचायला हवं होतं... पाटसच्या पुढं कुठंतरी त्या एसटीचं टायर पंक्चर होऊ दे.