गुहागरचं न मांडलेलं बिऱ्हाड

अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेचा पूल उतरलं की डाव्या हाताला फुलांचे चार ठेले लागतात. त्यातला तिसरा हर्षाचा. वर ताडपत्री, पुढे ओल्या पोत्यावर झेंडू-शेवंतीचे ढीग, आणि मागे लाकडी पाटावर बसलेली हर्षा. हार ओवताना ती सुईकडे बघत नाही, गिऱ्हाइकाकडे बघून बोलत असते. लग्न होऊन आली तेव्हा हा ठेला तिची सासू गंगूबाई चालवायची आणि फुलं सासऱ्यांच्या, किसनरावांच्या, दोन एकर वावरातून यायची. दोन वर्षांत ठेला हर्षाचा झाला. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाला गुलाबाच्या वरमाला हव्यात, कोणाला साध्या शेवंतीच्या, हे तिला पत्रिका छापायच्या आधी माहीत असायचं.

नवरा योगेश मात्र या धंद्यातला नव्हता. तो शिकला, डी. एड. झाला आणि नोकरी लागली ती थेट रत्नागिरी जिल्हा परिषदेत. वऱ्हाडातल्या शेकडो पोरांना तेव्हा तशीच कोकणात नोकरी लागली होती. गुहागरपासून सात किलोमीटरवर त्याची शाळा, दोन शिक्षकी. अकोल्याहून कल्याण, कल्याणला गाडी बदलून चिपळूण, तिथून एसटी. घरून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायचा. लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थ म्हणाला होता, "तीन-चार वर्सात बदली होऊन येईन तो इकडं. कायची काळजी करता?"

ती बदली व्हायला तेरा वर्षं लागली.

सुरुवातीची तीन वर्षं योगेश शिक्षणसेवक होता, चार मास्तरांबरोबर एका खोलीत राहायचा. तेव्हा हर्षानं तिकडे जायचा प्रश्नच नव्हता. त्याच काळात प्रणाली झाली. ती पावणेतीन वर्षांची असताना योगेशनं गुहागर गावातच एक घर भाड्यानं घेतलं. दोन खोल्या, पडवी, मागे नारळी-पोफळीची वाडी. मालकीण आरेकरकाकू शेजारच्याच घरात राहायच्या. त्या मे महिन्यात तो अकोल्याला आला आणि म्हणाला, "एकडाव येऊन तर पाय. पटलं तर राय, नाही पटलं तर वापस ये. जबरदस्ती नाही."

हर्षानं आधी पुष्कळ विचार केला. इथं ठेला, तिथं काय? इथं सासू-सासरे, तिथं पोरीला सांभाळायला कोण? तिथं पावसाचे चार महिने कपडे वाळत नाहीत म्हणतात. शेजारीपाजारी मासळीचा वास, आणि गंगूबाईच्या घरात तर कांदासुद्धा एकादशीला बंद. पण दुसऱ्या बाजूला नवरा होता. वर्षातून दोनदा सुटीत येणारा, आणि आला की पहिले दोन दिवस पाहुण्यासारखा वागणारा. लेक त्याला बघून आईच्या पदराआड लपायची.

किसनरावांनीच तिढा सोडवला. वांग्याच्या वाफ्याला पाणी देता देता ते म्हणाले, "जाय पोरी. वावर अन् ठेला आमी पाहून घेऊ. तुह्या सासूचे हात काही झिजले नाहीत अजून."

आणि हर्षा गेली. पंधरा दिवसांसाठी.

अकोल्यात तेव्हा ऊन सेहेचाळीस अंशांवर गेलं होतं. गुहागरला ऊन नव्हतं, पण अंगाला सतत चिकट घाम. पहिले दोन दिवस ती नुसती वैतागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी योगेश तिला आणि प्रणालीला समुद्रावर घेऊन गेला. सुरूच्या झाडांतून वाट निघाली आणि एकदम समोर सगळं मोकळं झालं. हर्षा बराच वेळ उभी राहिली. मग चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेकडेनं इतकी लांब चालत गेली की योगेशला मागून हाक मारावी लागली.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. तिथं तिला कोणी ओळखत नव्हतं. कोणी "वहिनी, उद्या दहा हार पाहिजेत" म्हणत नव्हतं. पहाटे चारला फुलं तोडायला उठायचं नव्हतं. ती सात वाजेपर्यंत झोपायची आणि उठल्यावर स्वतःचंच नवल करायची. आरेकरकाकूंनी तिला ओल्या नारळाच्या करंज्या शिकवल्या. प्रणाली पडवीत बापाच्या पोटावर झोपायला लागली. दहाव्या दिवशी हर्षाच्या मनात आलं की आपण इथं राहू शकतो. नुसतं राहू शकतो असं नाही, सुखानं राहू.

आणि त्या विचारानंच ती घाबरली.

कशाला घाबरली, हे तिला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. अकोल्यात ती हर्षा होती. रस्त्यावरून जाणारा तिला नावानं हाक मारायचा. गुहागरात ती गुरुजींची बायको होती. जूनमध्ये शाळा सुरू झाली, सकाळी नवरा निघून गेला, की दिवसभर करायला काही नसणार. आणि दुसरी गोष्ट, ठेला दोन महिने तिच्याविना नीट चालला असता, तर तो आपल्याविना चालतो हे तिला कळलं असतं.

अकराव्या दिवशी गंगूबाईचा फोन आला. काही विशेष नव्हतं. वावरातल्या मोटरीचा पट्टा तुटला होता, आणि तो दुसऱ्या दिवशी बसणारही होता. पण हर्षानं तोच धागा धरला. बॅग भरली. योगेश स्टेशनवर सोडायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "मंग? काय ठरवलं तू?"

तिनं डोळे वर न करता सांगितलं, "मले इथली हवा नाही मानवत. रात्रभर श्वास कोंडते. प्रणालीच्या अंगावरही पुरळ उठून राहिली."

पुरळ घामोळ्याची होती, अकोल्यातही उठायची. आणि श्वास तिचा कधीच कोंडला नव्हता.

योगेशनं एवढंच म्हटलं, "तब्येत पयले. बाकी मंग पाहू." त्यानंतर त्यानं पुन्हा कधी तिला ये म्हटलं नाही. वर्षामागून वर्षं तो बदलीचा अर्ज भरत राहिला. कधी जागा नाही, कधी यादी रद्द, कधी त्याच्यापेक्षा जुना कोणी. किसनराव गेले तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला, अस्थी गोळा करायला. कोविडात शाळा बंद होती तेव्हा सात महिने घरी होता. त्यानंतर तो परत निघाला तेव्हा पोरगी त्याला सोडायला दारापर्यंतही गेली नाही.

त्याच्याबरोबरच नोकरीला लागलेला बाळापूरचा नागसेन. त्यानं बायको-पोरांना पहिल्याच फेरीत तिकडे नेलं. हर्षा तेव्हा म्हणायची, "त्याची बायको काय, तिले इथं कोनतं काम होतं?"

दोन हजार तेवीसमध्ये अखेर योगेशची बदली झाली. अकोल्यापासून बावीस किलोमीटरवरची शाळा. गंगूबाईनं पेढे वाटले. हर्षाला वाटलं, संपलं एकदाचं. पण घरात आलेला माणूस आपल्याच घरात पाहुणा होता. साखरेचा डबा कुठे, हे विचारायचा. टीव्ही लावायच्या आधी विचारायचा. अकरा वर्षांची प्रणाली त्याला 'तुमी' म्हणायची, आणि काही हवं असलं तर आईला म्हणायची, "बाबांले सांग न." भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं हर्षाला पुष्कळदा वाटायचं.

दोन वर्षं अशीच गेली. मग गेल्या दिवाळीच्या आधी नागसेनचा फोन आला. त्यानं गुहागरला घर बांधलं होतं. "वहिनी, तुमीपन याच. नाही आले तर मी योगेशले दारात उभा करनार नाही."

लक्ष्मीपूजनापर्यंत ठेला सोडून हलता येत नव्हतं. भाऊबीज झाली आणि तिघं निघाली.

नागसेनच्या गृहप्रवेशाचा कार्यक्रम आटोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी योगेश जुन्या शाळेच्या गावी चक्कर टाकायला गेला. हर्षा आरेकरकाकूंना भेटायला गेली. काकू आता वाकल्या होत्या, पण तिला बघताच ओळखलं. पडवीत बसवलं, कोकमाचं सरबत दिलं आणि म्हणाल्या, "आलीस गो अखेर! दरवर्षी जून लागला की गुरुजी मला सांगायचे, काकू, यंदा कदाचित येईल हो ती. मागच्या खोलीला चुना काढून घ्यायचे."

हर्षाला वाटलं, काकूंची काही गफलत होतेय. "दरवर्सी?"

"नाहीतर काय! मुलीच्या प्रवेशाचंसुद्धा इथल्या शाळेत विचारून ठेवलंन होतं, बालवाडीपासून. आणि देवळाच्या वाटेवर माझ्या भाच्याचा गाळा आहे ना, तो तुझ्यासाठी बोलून ठेवलेला. म्हणायचे, इथं हार चिपळूणहून येतात, शिळे. माझी बायको आली की देवाला ताजे हार मिळतील. तिला हातात काम नसलं तर ती राहायची नाही, मला माहीत आहे, म्हणायचे."

हर्षानं पेला खाली ठेवला.

"मग त्यांनी मले कधी सांगितलं कसं नाही?"

"मी म्हटलं होतं, कळवा तिला. तर म्हणाले, तिचा श्वास कोंडतो इथं. मी गाळ्याचं सांगितलं तर ती जिवावर उदार होऊन येईल. बरी झाली की सांगेन." काकू तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आता बरी आहेस ना?"

हर्षानं मान हलवली.

संध्याकाळी तिघं समुद्रावर गेली. ओहोटी होती. वाळूवर बारक्या खेकड्यांनी गोळ्यागोळ्यांच्या नक्ष्या काढल्या होत्या. प्रणाली वाकून बघत होती. योगेश तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि ते खेकडे वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं खाणं कसं शोषून घेतात, उरलेल्या वाळूचे गोळे कसे बाजूला टाकतात, हे सांगू लागला. मग भरती किती वाजता येईल ते सांगितलं. पोरगी प्रश्नामागून प्रश्न विचारत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, तू रोज यायचा का इथं?"

तू म्हणाली. तिच्याही लक्षात आलं नाही, योगेशच्या आलं. त्यानं हर्षाकडे एक नजर टाकली आणि पुन्हा वाळूकडे वळला.

प्रणाली शिंपले वेचायला पुढे गेली तेव्हा हर्षा म्हणाली, "एक सांगायचं हाय. मले तेव्हा इथली हवा बाधली नव्हती."

योगेशनं वाळूवरची नजर तिच्याकडे वळवली.

"श्वासबिस काही कोंडला नव्हता. मी खोटं बोलली. मले इथं लय आवडलं होतं. राहून गेली असती."

"मंग कावून नाही म्हटलं?"

"भेव वाटलं. तिथं मले लोक ओळखते. इथं मी कोन?"

योगेशनं ओल्या वाळूत बोटानं एक रेघ ओढली. मग योगेश म्हणाला, "मले वाटे, मी तुह्यावर जुलूम करीन. आजारी बाईले ओढून आनीन. म्हनून तर मी त्या अर्जांच्या मागं लागलो. नाहीतर माहं मन इथंच होतं."

"काकूनं गाळ्याचं सांगितलं मले."

"त्यात आता फोटो काढायचं दुकान हाय," तो म्हणाला.

"आपुन अजूनही येऊ शकतो," ती घाईघाईनं म्हणाली. "तुमी परत अर्ज करा. मी ठेला देऊन टाकतो कोनाले."

"आता कसं व्हईन ते? मायचे गुडघे पाहिले ना तू? तिले एकटी ठेवनार का? प्रणाली दोन वर्सानं दहावीत जाईन. अन् तिकडून इकडं बदली मिळायले तेरा वर्स लागले, इकडून तिकडं काय उद्या मिळनार हाय?" त्यानं पायानं वाळू सारखी केली. "तेव्हा जमलं असतं. सगळं जमलं असतं तेव्हा."

तो रागानं बोलत नव्हता, हिशेब मांडावा तसा एकेक गोष्ट सांगत होता. हर्षानं वाट पाहिली. तो चिडेल, काहीतरी लागट बोलेल, निदान उठून जाईल. पण तो उठला आणि प्रणालीला हाक मारून म्हणाला, "चाल बेटा, पानी वर येऊन राहिलं."

परतीच्या गाडीत खिडकीजवळ प्रणाली, तिच्या शेजारी हर्षा आणि समोरच्या बाकावर योगेश. दुपार होती. मलकापूर गेल्यावर कपाशीची वावरं सुरू झाली, बोंडं फुटलेली. प्रणाली मोबाइलमधले समुद्राचे फोटो बघत होती. बघता बघता तिनं मान वर केली.

"बाबा, इतकं मस्त होतं तर आपुन तिथंच कावून नाही राहलो? नागसेनकाकांची पोरं तर तिथंच शिकली."

योगेशनं खिडकीबाहेर पाहिलं. "तेव्हा नाही जमलं, बेटा."

हर्षाला वाटलं, आता गप्प बसलं तरी चालेल. त्यानं तिच्यासाठी वाट करून ठेवली होती, दहा वर्षं ठेवत आला होता तशीच.

"जमलं असतं," ती म्हणाली. "बाबांनं घरही घेतलं होतं, तुह्यी शाळाही पाहून ठेवली होती. मीच नाही म्हटलं. खोटं सांगून."

प्रणाली तिच्याकडे बघत राहिली. आधी तिला काही समजलं नाही, मग समजलं. थोड्या वेळानं ती उठली, मधल्या जागेतून पलीकडे गेली आणि बापाशेजारी बसली. योगेशनं अंग चोरून तिला जागा करून दिली आणि तिच्या हातातला मोबाइल धरला. दोघं मिळून फोटो बघू लागली.

खिडकीजवळची जागा रिकामी होती. हर्षा तिथं सरकली नाही. शेगाव गेलं, आता पुढे अकोलाच, तेव्हा तिनं वरची बॅग काढायला हात वर केला.