चुलीवरच्या माळ्यावरची बॅटरी

मी पदवीधर झालो तो वहिनीमुळे. कॉलेजच्या दिवसांत माझ्या वाटची भातलावणी तिने केली.

निकाल लागला त्या पावसाळ्यात तिला नववा महिना होता. एका सकाळी ती म्हणाली, "भावजी, पोर हालत नाय." दाभोशातल्या आमच्या घरी नर्सबाई आल्या. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की पोटाला लावलेल्या नळीने त्यांना बाळाचे ठोके ऐकू येईनात. ठोके ऐकवणारे यंत्र होते, पण त्याची बॅटरी त्यांनी आदल्या संध्याकाळी आमच्याकडेच चार्जिंगला दिली होती आणि लगेच वीज गेली होती.

जव्हारच्या रुग्णालयात न्यायला जीप दारात उभी होती. वाटेतल्या ओढ्यावरच्या ठेंगण्या फरशी-पुलावरून पाणी वाहत होते. ठोके मंद असतील तर त्याच पाण्यातून जायचे, नाहीतर पाणी ओसरेपर्यंत थांबायचे.

वीज नुकतीच आली होती. भारनियमनामुळे अकराला पुन्हा जाणार होती. मी बॅटरी लावली. दोनच मिनिटांत भरल्याचा हिरवा दिवा लागला. यंत्रात घातली तर यंत्र क्षणभर लागून बंद पडले.

बॅटरी हाताला गरम लागली.

"वहिनी, रात्री कुठे ठेवलीस ही?"

"चुलीवरच्या माळ्यावर. बियाणं, मीठ तिथंच असतं ना. ओल लागंल म्हणून."

आमच्याकडे पावसाळ्यात जपायची वस्तू तिथेच जाते. पण अशी निकेलची बॅटरी भरत आली की तापते, आणि हा चार्जर तो ताप पाहूनच थांबतो. चुलीच्या उबेने तो फसला होता.

मी ती फडक्यात गुंडाळून माठाला टेकवली.

"अरे ग्रॅज्युएट, पोटुशी बाई सोडून बॅटरीची शेक-शेकोटी काय करतोस?" नर्सबाई ओरडल्या.

"शेकत नाही बाई, गार करतोय."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. वहिनी पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. बॅटरी गार लागल्यावर पुन्हा लावली. या वेळी चार्जिंगचा लाल दिवा टिकला. अकराला वीज गेली, तशी मी बॅटरी यंत्रात घातली; यंत्र चालू राहिले.

नर्सबाईंनी यंत्र पोटावर टेकवले, सरकवले, पुन्हा टेकवले. मग पावसाच्या आवाजावर ठोके उमटले, भरभर, एकसारखे. त्यांनी घड्याळात बघत मोजले.

"चांगले आहेत. पाणी उतरू दे, मग निघू."

दुपारी निघालो. जव्हारला मुलगी झाली.

नोकरी लागल्यावर ठाण्याहून मी वहिनीला पत्र पाठवले:

"वहिनी, दादा वाचून दाखवेल. टॉर्च, सेल आणि चार्जर पाठवतो आहे. सेल माळ्यावर ठेवू नकोस. गरम असले तर आधी गार होऊ दे. हिरवा दिवा लगेच लागला तर खरा मानू नकोस. लावणीला मी येतो आहे. या वर्षी तुझ्या वाटचीही मीच करीन."