जावई पोलिसात आहे

आमचे फौजी, म्हणजे माझे मालक, रिटायर होऊन झरीला आले तेव्हा गावाने त्यांची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. हार, फटाके, देशभक्तीची गाणी, सगळं साग्रसंगीत. जीपपुढे सगळ्यात जास्त कोण नाचलं असेल, तर माझा धाकटा भाऊ. पालमहून मुद्दाम आला होता, वेल्डिंगचं दुकान बंद ठेवून. "दाजी, दाजी" ओरडून त्याचा घसा असा बसला की जेवताना त्याला मीठ मागता येईना. मला वाटलं, सुटले एकदाची. आता नवरा घरात राहणार.

कसला राहतोय! पहाटे उठून बूट पॉलिश करायचे आणि जायचं कुठे, तर दुधाच्या डेअरीवर. माझ्या मांडणीवरची भांडी उंचीप्रमाणे लावून ठेवायचे. मी वैतागायचे, ते हसायचे. पण हसण्यात जीव नव्हता.

मग जिल्ह्यात आंदोलन पेटलं. कोणाचं ते लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा लगेच एक बाजू धरून बसतो आणि माझं गाऱ्हाणं राहून जातं. रोज कुठे बंद, कुठे टायर जाळलेले, पालमची एसटी येईल की नाही याचा भरवसा नाही. पोलीस कमी पडायला लागले, तेव्हा माजी सैनिकांना तात्पुरतं पोलिसात घ्यायचं ठरलं. निरोप आला त्याच दिवशी यांनी इस्त्री काढली.

"जाऊ नका," मी म्हटलं. "तिकडं बॉर्डरवर समोर कोण हाय ते तुमाला माहीत नव्हतं. हितं सगळे वळखीचे हायत."

"म्हणून तर घ्यायलेत आमाला," ते म्हणाले.

मला ते तेव्हाच खटकलं. पण इस्त्री तापलेली, आणि माणूस कित्येक महिन्यांनी शीळ घालतोय. माझं कोण ऐकतंय?

पालममध्ये दगडफेक झाली त्या दिवशी यांची ड्यूटी परभणीत होती. मला हायसं वाटलं, ते उगाचच. दोन-तीन दिवसांनी साहेबांनी त्या भागातली माणसं ओळखणाऱ्या माजी सैनिकांना बोलावलं आणि मोबाईलवरचं शूटिंग दाखवलं. गर्दीत, एका टपरीशेजारी, हात वर केलेला माझा भाऊ होता. हातात दगड होता की मोबाईल, ते यांना आजही सांगता येत नाही. साहेबांनी बोट ठेवून विचारलं, हा कोण?

यांनी सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, दुकान कुठे आहे ते.

घरी येऊन मलाही त्यांनीच सांगितलं, बूट न काढता, दारात उभं राहून. मी हातातलं पातेलं आपटलं. "वळखत न्हाई म्हणायला काय झालं होतं? जीभ झडली असती का?"

"साहेबानं इचारलं," ते म्हणाले. "साहेबानं इचारलं आन् मी खोटं बोललो, असं कधी झालंच न्हाई गं. तोंडातून निघून गेलं."

मी या माणसाबरोबर संसार केलाय. सुट्टी वाढवून घ्यायला बायको आजारी आहे म्हणायचं, एवढं साधं खोटंही त्यांना कधी जमलं नाही. तेव्हा ते बोलले ते खरंच होतं. त्याने माझा राग काही गेला नाही, फक्त तो काढायचा कुणावर हे कळेनासं झालं.

भावाला दुकानातून उचललं. हे पुन्हा साहेबांकडे गेले, हात जोडले, माझा मेहुणा आहे म्हणाले. साहेब म्हणाले, मग तर ओळख पक्कीच झाली.

मी पालमला गेले. आई तव्यापुढे बसून धपाटे थापत होती. शेजारीण बाजूला बसलेली. तिचाही मुलगा आत होता. ती रडत होती आणि आई तिला धीर देत होती. "आमाला भ्यायचं काय कारण? जावईबापू पोलिसात हायत. ते सोडवून आणतील." शेजारणीने माझा हात धरला. "माज्या बी लेकराचं नाव सांग बाई तुज्या मालकाला."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

निघताना आईने धपाटे बांधून दिले, जावईबापूंना ड्यूटीवर खायला. मी ते यांच्यापुढे ठेवले. त्यांनी डबा उघडला आणि झाकण परत लावलं.

"आईला सांगितलंस का?"

"न्हाई."

भाऊ अजून आत आहे. आईचा रोज फोन येतो. "जावईबापू काय म्हणले?" मी म्हणते, "करायलेत प्रयत्न." मग ती विचारते, धपाटे आवडले का. आवडले, मी म्हणते. ती पुन्हा पाठवते, आणि आता त्यात तिखट कमी घालते, त्यांना सोसत नाही म्हणून.