घरगुती करवत

धुळ्यातल्या आमच्या घरासमोरचा निंब रस्ता रुंद करताना गेला. खोड ठेकेदाराने नेलं, फांद्या गल्लीने वाटून घेतल्या. आईने भांडून बुंध्याचा एक ओंडका ठेवून घेतला आणि वखारीतून त्याची जाड फळी पाडून आणली. ती दाराआड उभी राहिली.

त्या निंबाला दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका असायचा. जामनेरला दिलेली माझी मोठी बहीण सणाला माहेरी आली, की पिशवी ओट्यावर टाकून आधी झोक्यावर बसायची, मग पाणी मागायची. निंब गेल्यानंतरच्या आखाजीला ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. यंदा फोनवर म्हणाली, "झोकाच नाही, तर आखाजी कसली? मी काही येत नाही."

"झोका असेल," मी म्हटलं. "तू ये."

बोलून बसले खरी. माझे वडील कामगारांची पत्रकं लिहायचे. अक्षरं मी त्या गठ्ठ्यांवरच शिकले, पुढे पत्रकं वाटूही लागले. जे आपण करणार नाही ते छापायचं नाही, असा त्यांचा नियम होता. वडील गेले, नियम घरात राहिला. आता मी शब्द दिला होता.

ओट्यावरच्या छपराला लोखंडी गर्डर होता, म्हणजे दोर टाकायची सोय होती. उरला पाट. फळी मापात कापायची, चार भोकं पाडायची, कडा घासायच्या. सुताराला विचारलं, तर ऐन लग्नसराईत एका पाटासाठी यायला त्याला वेळ नव्हता. आखाजी होऊ द्या, मग बघू, म्हणाला. आखाजीनंतर तो पाट काय पूजेला ठेवायचा होता? मी स्वतःच करायचं ठरवलं. आई म्हणाली, पत्रकं वाटणाऱ्या हातांनी आधी नारळ तरी धड फोडून दाखव.

बाजारातल्या एका दुकानातून पिवळ्या मुठीची चकचकीत करवत आणली. फळीत थोडी शिरली आणि गाठ लागताच वाकडी झाली. फळीवर तिरपी खाच राहिली ती राहिलीच. करवत परत घेऊन गेले. दुकानदाराने ती हातातही घेतली नाही. ही घरगुती आहे, एवढंच म्हणाला.

"घरगुती म्हणजे?"

"म्हणजे ताई, घरात असावी म्हणून. कामाला नाही. काम असेल तर भाऊला पाठवा, तो बरोबर सांगेल."

मला भाऊ नाही. ते मी त्याला सांगितलं नाही, पण त्याचा शब्द डोक्यात घेऊन घरी आले. आई उजाडल्यापासून करते ते घरगुती काम, म्हणून ते कुणी कामात धरत नाही. आणि त्या कामासाठी विकायची हत्यारंही अशी, की मोडली तरी चूक घेणाऱ्याचीच. संतापाने पत्रक लिहायला बसले. मथळा झाला, दोन ओळी झाल्या, आणि दाराआडची फळी दिसली. पत्रकाने ती कापली जाणार नव्हती. कागद बाजूला सारला.

मग वखारीतून फळीबरोबर आलेला निंबाचा एक गाठाळ तुकडा पिशवीत टाकला आणि दुकानं पालथी घालायला लागले. माझी मागणी एका ओळीची होती: आधी हा तुकडा कापू द्या, मग घेते. कुणी म्हणालं, दुकानात भुसा करू नका. कुणी म्हणालं, कंपनीचा माल आहे, बघायची गरज नाही. जिथे हो म्हणाले, तिथल्या करवतीची किंमत मला झेपणारी नव्हती. एका म्हाताऱ्या दुकानदाराने चष्म्यावरून बघत सांगितलं, की लोक जावईसुद्धा एवढा पारखून करत नाहीत. एवढीच हौस असेल तर जळगावला जा, जुन्या बाजारात. तो टोमणा होता. मी पत्ता म्हणून घेतला.

पारोळ्यावरून जाणाऱ्या बसमध्ये उन्हाची झळ खिडकीतून तोंडावर येत होती आणि मांडीवर निंबाचा तुकडा होता. जुन्या बाजारात एक अक्का गोणपाटावर जुनी हत्यारं मांडून बसली होती. काळपट पात्याच्या करवती, झिजलेले हातोडे, लाकडी मुठीची गिरमिटं. तिने मला खालून वर बघितलं.

"घरनी जोयजे का कामनी?"

घरची हवी की कामाची, इथेही तेच. पण इथे निदान विचारलं तरी होतं.

"घरच्या कामाची," मी म्हटलं.

"मंग कामनीच ले." तिने एक करवत काढून दिली. मी पिशवीतून तुकडा काढल्यावर ती हसली नाही. तुकडा दगडावर ठेवून स्वतःच्या पायाने दाबून धरला. करवत गाठीतून गेली. घासाघीस मात्र तिने मनसोक्त केली आणि मीही. भोकं पाडायला गिरमिट घेतलं, तेव्हा तिने विचारलं, "नवरा सुतार शे का तुना?"

नवराच नाही, म्हटलं.

"मंग करवत बरी. बोलस नही, काम करस."

दोन्ही हत्यारं मिळून पिवळ्या मुठीच्या करवतीपेक्षा स्वस्त पडली. घरी येऊन फळी कापली. गिरमिट फिरवता फिरवता तळहाताला फोड आले. तिसऱ्या भोकाला आईने ते माझ्या हातातून घेतलं आणि पदर खोचून बसली. चौथंही तिनेच पाडलं. नारळाचा विषय दोघींनीही काढला नाही.

आखाजीला सकाळीच बहीण आली. पिशवी ओट्यावर टाकली, पण बसली नाही. गर्डरकडे बघितलं, दोर ओढून पाहिला, पाटावर हात फिरवला. तिरप्या खाचेवर तिचं बोट थांबलं. मी पिवळ्या करवतीची गोष्ट सांगितली, दुकानदारासकट.

"म्हणजे झोका घरगुतीच," ती म्हणाली.

"बसून बघ."

ती बसली आणि पाय उचलून घेतले. वर दोर करकरला, पाट तसाच राहिला. आई दारातून म्हणाली, हळू. बहिणीने दोन्ही दोर घट्ट धरले.

"दे आता. पण घरगुती नको देऊस."

मी पाट छातीपर्यंत मागे ओढला आणि सोडला. पाणी तिने बऱ्याच वेळाने मागितलं.