पोपटाच्या फोटोमागचे पाय

मापकाकांना चेहरे लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. छत्तीस वर्षं बूट शिवून नजर अशी खाली वळली आहे, की रस्त्यात कुणी हाक मारली तर ते आधी टाचेकडे बघतात आणि मग म्हणतात, “अरे, तुम्ही होय!” गिऱ्हाईक आलं की त्याला खाकी कागदावर उभं करायचं, पायाभोवती पेन्सिल फिरवायची, खाली त्याचा धंदा आणि पायाची खोड लिहायची. असे कागद सोळा खणांत भरलेले आहेत. नाव लिहायची पद्धत नाही.

सोशल मीडियावर दुकानाचं खातं लेकीने उघडलं. दोन वर्षांत पाच हजार माणसं जमली आणि खातं भरलं. पुढचा माणूस घेता येईना. त्यातच एका जुन्या गिऱ्हाईकबाईंची, इस्पितळातल्या नर्सची, विनंती येऊन अडकली.

“म्हणजे ओळखीचं माणूस दारात ताटकळणार, आणि आत कोण बसलंय ते आपल्याला ठाऊक नाही?” मापकाका म्हणाले. “चल, यादी काढ.”

चार दुपारी बापलेक यादी घेऊन बसले. नियम एकच होता : ज्याचा पाय आठवेल तो राहील.

“हे सूटवाले?”

“पाय नाही आठवत. काढ.”

“हा पोपट? नुसता पोपटाचाच फोटो आहे.”

“पोपटाला मी बूट शिवलेला नाही. काढ.”

“बाबा, लोक माणसं जोडायला जिवाचं रान करतात आणि तुम्ही कापत सुटलाय!”

“कापल्याशिवाय बूट शिवता येतो का? काढ.”

उरले तीनशे बारा. लेक दोन दिवस बापाशी धड बोलली नाही.

पुढच्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, टपालवाली दुकानात आली. या गल्लीत पत्रं वाटते ती. लहानपणच्या आजारात तिचा डावा पाय मागे राहिला. उजव्याला सात नंबर लागतो, डाव्याला पाच. रोजचे बूट मापकाकाच शिवतात. धावायचे मात्र तिला दोन जोड घ्यावे लागतात आणि त्यातला एकेक बूट वापरावा लागतो. त्या बुटांचा तळ आता फाटला होता. शुक्रवारी अग्निशमन दलाच्या भरतीची धावण्याची चाचणी होती आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती. बाजारातल्या दुकानात सात नंबर होता. त्याच जातीचा पाच यायला तीन आठवडे लागणार होते. सातमध्ये कापूस कोंबून तिने पळून पाहिलं, तर टाच सोलून निघाली.

“काका, तुम्हीच शिवा ना.”

“माझा बूट चालायचा. तो घालून पळालीस तर अग्निशमनवाल्यांना आधी तुलाच उचलावं लागेल.”

ती हसली, पण डोळे भरले होते. तिच्या धावण्याच्या व्हिडिओंना अठरा हजार लोक होते. फाटक्या बुटाचा फोटो तिने रविवारीच टाकला होता. दोन हजार बदाम आले. ‘ताई, तूच जिंकणार’ असं शेकडो जणांनी लिहिलं. एकाने भेगांचं मलम विकायला काढलं. बूट मात्र कुणी दिला नाही.

“लिही गं,” मापकाका लेकीला म्हणाले. “धावायचे बूट हवेत. उजवा सात, डावा पाच. शुक्रवारी पळायचंय. माहिती असेल त्यानेच बोलावं.”

दुपारपर्यंत एकसष्ट उत्तरं आली. बस कंडक्टरने कळवलं, सात आहे, पण दोन्ही पायांचा. परगावच्या एका सेल्समनने गोदाम उपसून सांगितलं, पाच आहे, पण जात वेगळी, वजन जुळणार नाही. नर्सबाईंनी टाचेला काय लावायचं ते लिहिलं. सगळी उत्तरं मापात होती, पण बूट कुठेच नव्हता.

मापकाका एकाएकी उठले. “असा पाय मी पाहिलाय. पण उलटा! डावा मोठा, उजवा लहान. काढ ते खण!”

कागद जमिनीवर पसरले. टपालवाली बाकीची पत्रं वाटून येईपर्यंत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. अकराव्या खणात तो सापडला : ‘शाळेतले पीटीचे सर. डावा सात, उजवा पाच. अंगठा तिरका.’

“हे पण दोन जोड घेत असणार,” लेक सावकाश म्हणाली. “मग यांचे उरतात ते...”

“उजवा सात आणि डावा पाच!” टपालवाली किंचाळली.

त्याच तीनशे बारांना विचारलं, या सरांना कोण ओळखतं? शाळेच्या क्लार्कचं उत्तर चार मिनिटांत आलं : ‘आमचेच सर. तुमच्या यादीत असतीलच की. फोटोत पोपट आहे ना, तेच ते.’

मापकाका पुन्हा त्या कागदावर वाकले. मग लेक म्हणाली, “बघा बाबा, पोपटालाही तुम्ही बूट शिवला होता.”

तिने सरांना पुन्हा विनंती पाठवली. उत्तर आलं : ‘आधी मला काढलं का ते सांगा.’

मापकाकांनी फोन मागून घेतला आणि एका बोटाने, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः टाइप केलं : ‘पाय ओळखतो, पोपट ओळखला नाही. चूक माझी.’

फोन लगेच वाजला. सर हसत होते. बूट होते. एक नव्हे, सहा जोड होते, माळ्यावर गोणीत. “टाकवत नाहीत हो. बायको रोज विचारते, ही गोणी कुणाच्या पायात घालणार आहात?”

मंगळवारी सकाळी सात वाजता सर स्कूटरवर गोणी घेऊन आले. टपालवालीने तिसरा जोड घातला, नाड्या बांधल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत पळत सुटली. मापकाका उंबऱ्यावर उकिडवे बसून तिच्या टाचा बघत होते. ती परत आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “डावी टाच आता सरळ पडतेय.” सर शिट्टी फुंकायच्या सवयीने ओरडले, “अजून एक फेरी!” शेजारचा इस्त्रीवालाही टाळ्या वाजवू लागला.

शुक्रवारी अकराला फोटो आला. धुळीने माखलेले दोन बूट, एक मोठा, एक छोटा, आणि खाली दोनच शब्द : ‘पास झाले!’ अठरा हजारांना कळायच्या आधी तो मापकाकांच्या दुकानात पोचला होता.

लेकीने टपालवालीचा आणि सरांचा, दोन्ही कागद एका खणात ठेवले. सरांनाही कळवलं. त्यांचं उत्तर तयारच होतं : “पुढच्या वेळी दुकानात दोघांनी मिळून जायचं. दोन जोड, चार बूट, माळ्यावर काही नाही. पण रंग मी ठरवणार!”

“पोपटी नको म्हणावं,” संध्याकाळी पेढे घेऊन दुकानात आलेली टपालवाली म्हणाली.