कुत्र्याला मरू द्यायचं नव्हतं

मी आयुष्यात एकदाच माणसाचं हाड मोडलंय, आणि तेही सरकारी दवाखान्यातल्या एका फलकापायी. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्या दिवशी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गल्लीत कुणी हसत नव्हतं.

तिथे आमचं छोटं वर्कशॉप आहे. मोठा भाऊ लेथ चालवतो. त्याला घरीदारी सगळे अण्णाच म्हणतात. आमच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरात गेल्या. घरात मराठी बोलतो, पण भांडण अंगात आलं की कन्नड सुटतं. मी बिलं बघते आणि कामगारांचं दुखणंखुपणं. लोखंडाच्या कामात कुणाचं ना कुणाचं बोट कापतंच, मग धनुर्वाताच्या इंजेक्शनला त्याला मीच घेऊन जाते. दवाखान्याच्या बाकावर वाचायला दुसरं काही नसतं, म्हणून समोरचा फलक मला पाठ झाला होता. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवा. लस त्याच दिवशी घ्या. कुत्र्याला मारू नका, दहा दिवस नजरेखाली ठेवा.

गल्लीत एक तपकिरी कुत्रा होता, सगळ्यांचा लाडका. समोरच्या शॉपमधला टर्नर, चांगला उंच आणि दांडगा माणूस, रोज सकाळी आपल्या चहाबरोबरचा बन त्याला हाताने भरवायचा. मध्यंतरी महापालिकेची रेबीजच्या लसीची गाडी आली. माणसं जाळी घेऊन धाडधाड उतरली. कुणी काही समजावलं नाही, आणि सोबतच्या रिक्षावरचा भोंगा काय म्हणतोय ते मशीनच्या खडखडाटात कुणाला कळलं नाही. कुत्रे नेतात ते परत आणत नाहीत, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. टर्नरने कुत्र्याला उचलून आमच्याकडे आणलं आणि अण्णाने शटर खाली ओढलं.

"अरे, लस टोचून इथेच सोडतात," मी म्हटलं.

"सुम्ने, गप बस ग," अण्णा म्हणाला. "तुलाच काय ती अक्कल."

शेजारच्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या कपाळावर लस टोचल्याची लाल खूण लागली. आमच्याचं कपाळ कोरं राहिलं, आणि हे दोघे लढाई जिंकल्याच्या थाटात चहा प्यायले.

काही महिन्यांनी एका सकाळी अण्णा शटरपाशी वाकून लेथवरून उतरलेले जॉब मोजत होता. कुत्र्याने काही कारण नसताना त्याचा हात धरला. धरला तो सोडेचना. अण्णाने दुसऱ्या हाताने नाकावर ठोसे हाणले तेव्हा सुटला. तळव्याकडचं मांस लोंबत होतं. कुणी हळद आणली, कुणी चुना. अण्णाने मशीन पुसायच्या तेलकट सुताचा बोळा जखमेवर दाबला. मी त्याची मानगूट धरून त्याला नळाखाली नेलं आणि साबण चोळायला लागले. तो मला आईवरून शिव्या देत होता. आई दोघांची एकच आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं.

तेवढ्यात बाहेर कालवा झाला. वर्कशॉपच्या गल्लीत हत्यार शोधावं लागत नाही. कालपर्यंत बिस्किटं टाकणारे हात सळया आणि पाईप घेऊन आले होते. कुत्र्याला आमच्या भिंतीशी कोंडलं होतं. एक फटका पाठीवर, एक मागच्या पायावर. पाय मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. सगळ्यात पुढे टर्नर होता, आणि त्याचा चेहरा मला ओळखू येईना.

मी ओल्या हातांनी मोठा पाना उचलला आणि मध्ये घुसले. "मारू नका! मेला तर पिसाळलेला होता की नव्हता ते कळणार कसं?"

"बाजूला व्हा अक्का!" टर्नर ओरडला, आणि कुत्र्याच्या डोक्याचा नेम धरून त्याने पाईप वर नेला.

मी पाना फिरवला. मनगटात काहीतरी कडकन तुटलं आणि पाईप फरशीवर आपटला. मागून कुणाचा तरी तडाखा माझ्या खांद्यावर बसला. चुकून की मुद्दाम, ते मी अजून विचारलेलं नाही. त्या गोंधळात कुत्रा फरफटत आमच्याकडच्या जाळीच्या पिंजऱ्यात शिरला, वेल्डिंगचे सिलिंडर ठेवतो त्यात. मी लाथेने दार लोटलं, शटर ओढायच्या आकडीने कडी सरकवली आणि पाना घेऊन पुढ्यात उभी राहिले. "आता या," म्हटलं. कुणी आलं नाही.

अण्णाची गोष्ट मात्र पान्याने सुटणारी नव्हती. लहानपणी कुत्रा चावला तेव्हा त्याने पोटातली इंजेक्शनं खाल्ली होती, त्याची दहशत अजून गेलेली नाही. आता दंडात देतात, म्हणून मी घसा फोडून सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोनवर झापलं की कुत्रा कसाही असो, लस आजच हवी. अण्णाचं उत्तर तयार होतं. "तुझा कुत्रा जिवंत आहे ना? मग दहा दिवस बघूया की. तूच म्हणालीस." माझाच फलक, त्यातलं सोयीचं तेवढं त्याने उचललं. जे. पी. नगरला घरी आल्यावर मी ताट भिंतीवर फेकलं. वहिनी रडायला लागली. अण्णा डाव्या हाताने भात खात राहिला. त्या क्षणी मला त्याचा राग नाही आला, खरोखर द्वेष वाटला.

दोन दिवस गल्लीत माझ्याशी कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं आणि आतून जो आवाज आला तो भुंकण्याचा नव्हता. घसा फाटल्यासारखा, चिरका. कुत्र्याचा जबडा लोंबत होता, लाळेची तार लागली होती. आम्हाला बघताच त्याने जाळीवर झेप घेतली. पुन्हा घेतली. मोडक्या पायाची शुद्ध नव्हती. जाळीच्या तारा चावून दात तुटत होते, रक्त खाली ठिबकत होतं, आणि तरी तो चावत होता. अण्णा स्टुलावर बसला.

"चल," तो म्हणाला.

चावला त्या सकाळीच कुत्र्याला ठेचून टाकलं असतं, तर अण्णा हात झटकून कामाला लागला असता. हे मला तेव्हाही कळत होतं.

मी गल्लीत उभी राहून ओरडले की ज्याला लाळ लागली असेल, ओरखडा असेल, त्याने आत्ता चलायचं. टर्नर प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून आमच्या रिक्षापाशी आला. "अक्का, स्वल्प थांबा." अण्णाला चावायच्या आधी, त्याच सकाळी बन भरवताना कुत्र्याचा दात त्याच्या बोटाला लागला होता. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. कुत्रा मेला की विषय मेला, असं त्याला वाटलं होतं. बोट प्लास्टरच्या आत होतं.

पहिल्या दवाखान्यात लस होती, जखमेत द्यायचं सिरम नव्हतं. दोघांना पहिली लस टोचली. "सिरमची उद्या चौकशी करा," टेबलामागचा माणूस म्हणाला. ज्या भिंतीवर फलक, त्याच भिंतीला लागून असलेल्या टेबलावर मी मूठ आपटली. फलक लावायचं सुचतं, आणि औषध ठेवायचं सुचत नाही? मोठ्या हॉस्पिटलचा पत्ता हातात पडेपर्यंत मी तिथून हलले नाही.

दोघेही आज लेथवर उभे आहेत, सगळे डोस पुरे करून. कुत्रा आम्ही परत यायच्या आतच मेला होता. जनावरांच्या दवाखान्यातली माणसं येऊन त्याला घेऊन गेली.

त्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये टर्नरचं प्लास्टर कापावं लागलं. बोटावरची जखम एवढीशी होती. सुई त्या जखमेतच टोचायची असते, आणि हात हलता कामा नये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणीतरी धरा. मी त्याचं सुजलेलं मनगट दोन्ही हातांनी धरलं, मीच मोडलेलं.

"कुत्र्याला लस दिलेली होती का?" बाईंनी सुई भरता भरता विचारलं.

"गाडी आली होती, मॅडम," टर्नर म्हणाला.

"मग?"

अण्णा बाजूच्या स्टुलावर आपल्या पाळीची वाट बघत होता. "मी शटर ओढलं," तो म्हणाला.

बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि सुई बोटात घातली. टर्नर किंचाळला. मी हात सोडला नाही.