आग दाखवलेला विळा

आमच्या गोठ्याच्या भिंतीला अवजारांच्या खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटी ठरलेली होती. दाराजवळ कुऱ्हाड, मग खुरपी, मग विळे. अगदी डावीकडच्या शेवटच्या खुंटीवर आत्याचा विळा. त्याला घरातलं दुसरं कुणी हात लावत नसे. मोठा मान होता म्हणून नव्हे, तर तो दुसऱ्या कुणाला चालतच नसे म्हणून. आत्या डावखुरी होती.

विळ्याची धार एकाच अंगाने पाडलेली असते. दुसरं अंग सपाट. उजव्या हातात धरला की ज्वारीच्या ताटाला बरोबर लागतो. तोच डाव्या हातात धरला की ताट कापायच्या ऐवजी त्याच्यावरून घसरतो. आमच्या गावच्या म्हाताऱ्या लोहाराने आत्यासाठी उलट्या धारेचा विळा घडवून दिला होता. ती सासर सुटून माहेरी आली त्या वर्षी. तेव्हापासून ज्वारीच्या सोंगणीत रानाची डावी कड तिची. बाया ओळीने पात धरून निघाल्या की आत्या त्या टोकाला असे, म्हणजे तिचं कोपर कुणाला लागत नसे, आणि ती सगळ्यांच्या पुढे असे. आम्हाला कणसांवरून नुसता तिचा पदर पुढे सरकताना दिसायचा. घरात तिचं एक बोलणं वडीलसुद्धा ऐकून घेत, ते त्या डाव्या कडेमुळे.

म्हाताऱ्या लोहाराच्या वेळी हमी हा शब्द आम्हाला माहीत नव्हता. अवजार बोथटलं, वाकलं, मूठ ढिली झाली की त्याच्याकडे टाकून यायचं. तो भाता ओढायला लावी, चार शिव्या देई आणि करून देई. सुगीत खळ्यावरून त्याच्या वाट्याची ज्वारी जाई. अवजार किती दिवस टिकेल हे कुणी विचारलं नाही, कारण तो आणि ते अवजार दोन्ही गावातच राहणार होते.

मग लढाई आली. लढाई कुठे होती ते आम्हाला नीट सांगता आलं नसतं, पण लोखंड मिळेना हे कळत होतं. म्हातारा गेला. त्याचा मुलगा ऐरणीवर बसला. मोडक्या बादलीच्या कड्या, गाडीच्या चाकांच्या घासून गेलेल्या धावा, जे हाताला येईल ते तो तापवू लागला. त्याने केलेलं एखादं खुरपं चांगलं निघे, तर एखादं काळ्या मातीतल्या पहिल्याच खड्याला दुमडे. आम्ही त्याला बोललो की तो म्हणे, "मी काय करू? कशात काय हाय, ते तापवल्याबिगर कळत न्हाई, आन तापवल्यावर कळून उपेग न्हाई."

आत्याचा जुना विळा दर वर्षी पाजळून पाजळून बारीक होत गेला. शेवटी तो कोथिंबीर कापण्याच्या लायकीचा राहिला.

घरच्या बाजाराचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. काय संपलं, काय मोडलं, काय पुढच्या खेपेला चालेल, हे सगळं मी बैल जुंपायच्या आत ठरवून टाकी. हिंगोलीला लोखंडी सामानाच्या एका दुकानात छापाचे विळे आले होते. पात्यावर मोराचा छाप. सगळे एकसारखे, एका मापाचे, काळ्या तेलात बुडवलेले. दुकानदार शहरी दखनीत बोलायचा. त्याने विळा माझ्या हातात देऊन सांगितलं, "सीझन में टूटा तो लाओ, बदल के देता हूं. जिम्मा मेरा. बस, आग नक्को दिखाओ. आग दिखाए, तो जिम्मा खतम."

अट मला पटली. पातं लाल करून पाण्यात बुडवतात, त्याला पाणी देणं म्हणतात. त्यानेच धार टिकते. गावच्या भट्टीत पुन्हा तापवलं की ते पाणी उतरतं. मग मोडलं तर दोष कुणाचा, हे त्या दुकानदाराने कसं ठरवावं? मी घरी येऊन अट आपल्या भाषेत सांगितली: विळा भट्टीत घातला तर जिम्मा संपला. आत्याने ती फार मनावर घेतली. लोहाराकडे न जाता तिने दगडावर रोज थोडा थोडा घासून विळ्याची धार दुसऱ्या अंगाला पाडली. पावसाळाभर गोठ्यातून तो खर्र खर्र आवाज येई.

"आत्या, लोहार घडीत करून देईल," मी म्हणालो.

"आन जिम्मा? तो काय तू देनार?"

दिवाळी उरकली, ज्वारी वाळली, सोंगणी सुरू झाली. विळा चालला, बरा चालला. तिसऱ्या का चौथ्या दिवशी आत्या कडेवरून चालत मधे आली. एका हातात मूठ, दुसऱ्या हातात पातं. मुठीत शिरणारं टोक जिथे पात्याला मिळतं, तिथेच काड्कन तुटलं होतं.

मी ते तुकडे उन्हात धरून पाहत बसलो. मोडीवर, म्हणजे तुटल्या जागी, करडे, जाड दाणे दिसत होते, खडीसाखर फोडल्यासारखे. म्हाताऱ्याच्या विळ्याची मोड मी कधी पाहिली नव्हती, कारण तो मोडलाच नव्हता. मला खरोखरच प्रश्न पडला: दोन्ही लोखंडच, मग हे असं का?

आई मागून पेंढ्या बांधत येत होती. ती सहज बोलली, "वन्सं, आता तुमी पेंढ्या बांधा माज्यासंगं. वय झालंच की."

आईच्या मनात वाईट नव्हतं.  आत्याने डाव्या कडेकडे पाहिलं. तिथे ज्वारी तशीच उभी होती आणि उजव्या हाताच्या बाया पुढे निघून गेल्या होत्या. तिला दुसऱ्याचा विळा घेताही येत नव्हता. तिने पदराने घाम पुसला आणि मला म्हणाली, "गाडी जुप. हिंगोलीला जाऊ. मी येते."

दुकानात गर्दी होती. मी तुकडे पाटावर ठेवले, केव्हा नेला ते सांगितलं. दुकानदाराने छाप पाहिला, मान हलवली, आणि आत्याला आदराने विचारलं, "अम्मा, इसको आग तो नहीं दिखाए?"

"दाखवली की!" आत्या ठणकावून म्हणाली. "न दाखवून कसं चालंल?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. दुकानदाराने तुकडे परत आमच्याकडे सरकवले. "लो. आप ही बोले. जिम्मा खतम."

"काहून खतम?"

"शर्त बताया था, अम्मा. आग दिखाए, तो खतम. ये गांववाले सब ऐसेच करते," हे शेवटचं तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहून म्हणाला. ते गिऱ्हाईक हसलं. मी मोडीवरचे दाणे दाखवले, लोखंडच कच्चं आहे म्हणालो. तो ऐकेना. मला पुढे वाद घालता येईना, कारण अट मोडली होती आणि तीही आमच्याच तोंडाने कबूल झाली होती.

परतताना कयाधू नदीवर बैलांना पाणी पाजायला थांबलो. आत्या गाडीतून उतरली नाही. मांडीवर तुकडे घेऊन बसली होती. मी रागात होतो. पावसाळाभर दगडावर घासून शेवटी ही भट्टीवर गेली कशाला, ते मला कळेना.

"लोहाराकडं कधी गेली होतीस?" मी विचारलं.

"कोन गेलं लोहाराकडं?"

"मग आग कुठं दाखवलीस?"

"तुज्यासमोरच तर दाखवली. खंडेनवमीला. सगळी हत्यारं मांडली, हळदकुकू लावलं, दिवा दाखवला, ऊद दाखवला. तूच न्हाई का निखारे आणून दिले?" मग तिचा आवाज चढला. "देवापुढं मांडलं म्हनून जिम्मा खतम म्हनतो तो! त्याच्या मोराला ऊद सोसत न्हाई व्हय? येवढी नाजूक चीज करतो कशाला मानूस!"

मी तसाच बैलांच्या कासऱ्याला धरून उभा राहिलो. मग मला इतकं हसू आलं की बैल बिचकले. आत्याला आधी वाटलं, मी तिलाच हसतोय. तिला समजावून सांगायला मला बैलांचं पाणी पिऊन होईपर्यंत वेळ लागला. समजल्यावर ती हसली नाही. म्हणाली, "मग चल माघारी. गाडी वळव."

दुकानदार दिवे लावायच्या तयारीत होता. आम्हाला पाहून त्याने कपाळाला आठी घातली. मी त्याला विचारलं, "शेठ, आग दाखवली म्हणजे काय, हे तुम्ही आत्तापर्यंत कुणाला विचारलंत का?" आणि खंडेनवमी सांगितली. निखारे, ऊद, दिवा, सगळं.

तो आधी हसला. मग हसता हसता थांबला आणि गादीवर टेकला. "या अल्ला," तो म्हणाला. "दसरे के बाद जितने लोग आए, मैं सबको यहीच पूछा. सब बोले, दिखाए, दिखाए. मैं समझा, कितने ईमानदार लोगां हैं, पर करते हैं बराबर उल्टाच."

"आन आमी समजलो, तुमी लबाड," आत्या म्हणाली.

या गोष्टीचा विचार मी पुढे अनेकदा केला. किती गावांतून किती माणसं दसऱ्यानंतर मोडके विळे घेऊन आली असतील, खरं बोलली असतील आणि खरं बोलल्यामुळेच रिकाम्या हाताने परत गेली असतील. दुकानदार म्हणतो गाववाले अट पाळत नाहीत, गाववाले म्हणतात दुकानदार शब्द पाळत नाही, आणि दोघेही आपापल्या जागी खरे.

त्याने लगेच नवा विळा काढून दिला. आत्याने तो उजेडाकडे धरला, नखाने पात्यावर टिचकी मारली, मग पेटीतला दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांवर मोर होता, पण पूर्वीपेक्षा पुसट. पातं हाताला हलकं लागत होतं.

"हा पैल्यापेक्षा हलका हाय."

"माल ऐसाच आरा, अम्मा. मैं क्या करूं? कारखानेवाले मेरी नहीं सुनते. टूटा तो लाओ, बदल दूंगा. दस बार बदल दूंगा."

"आन मोडल्यावर हितं येऊन बदलून नेईस्तवर माजी ज्वारी कोन सोंगल? तुमी येता?"

 दुकानदार भला माणूस होता. त्याने नुसते दोन्ही हात उघडे करून दाखवले. आत्याने विळा पदराखाली घेतला आणि मोडका परत मागितला. तोही त्याने दिला.

पहाटे गावात पोचल्यावर आत्या घरी गेली नाही. गाडी सरळ लोहाराच्या दारात लावायला सांगितली. सकाळची पहिली आग पेटत होती. तिने दोन्ही विळे त्याच्यापुढे टाकले.

"ह्याचा मुठीतला शेपटा जाड कर. त्या मोडक्याचं लोखंड वर चढव. आन धार माज्या अंगाला पाड."

लोहाराने नवा विळा उलटसुलट केला. "आक्का, छापाचा हाय. आग दाखवली तर जिम्मा जाईल ना?"

"जाऊ दे. तू घे जिम्मा."

तो विचारात पडला. त्याच्या बापाने विचार केला नसता. "लोखंड काय माजं न्हाई," तो म्हणाला. "त्यात काय हाय मला ठावं न्हाई. आगीचा जिम्मा घेतो. लोखंडाचा न्हाई घेत."

"आन पुन्ना मोडला तर?"

"तर मी हाय की हितं. सांजच्याला ये, सकाळी घेऊन जा. माजी भट्टी काय हिंगोलीला न्हाई."

"बस. येवढंच पायजे व्हतं."

भाता मी ओढला. तापलेल्या पात्यावर घण पडू लागला तसा मोर आधी पसरला, मग त्याचा पिसारा गेला. शेवटी नुसते दोन पाय उरले. पाणी देताना लोहार डोळे बारीक करून रंग पाहत होता आणि मला दिसत होतं की त्याची खात्री नाही. चर्र आवाज झाला. त्याने पातं वर काढलं, ऐरणीच्या कडेवर हलकेच आपटून पाहिलं, पुन्हा एकदा आपटून पाहिलं, आणि आत्याकडे न बघता तिच्या डाव्या हाताकडे पुढे केलं.

त्या दिवशी ती रानात उशिरा पोचली. आईने पेंढ्यांचा बंद तिच्या पुढे धरला, तर आत्याने तो बाजूला सारला आणि चालत डाव्या कडेला गेली. उभी राहिलेली ज्वारी तिने संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या बरोबरीला आणून सोडली. विळ्याला पुढे एकदा खाच पडली. लोहाराने बोलल्याप्रमाणे सकाळी परत दिला. मला अजून नक्की सांगता येत नाही की तो टिकला तो कशाने: जाड केलेल्या शेपट्याने, त्या तरुण लोहाराच्या हाताने, की नुसत्या नशिबाने. बाकीचे मोराचे विळे गावात एकेक करून मोडले आणि त्यातले काही बदलूनही मिळाले, कारण मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की दुकानात ‘आग दाखवली’ असं म्हणू नका.

पुढच्या खंडेनवमीला हत्यारं मांडली. मी निखारे घेऊन आलो. आत्याने सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, दिवा ओवाळला. आपल्या विळ्याशी आल्यावर तिचा हात थांबला. पात्यावर मोराचे दोन पाय अजून दिसत होते. तिने ऊदाचा धूर जरा लांब धरून त्यालाच विचारलं, "काय रे, दाखवू का? का जाईल तुजा जिम्मा?"

मग आईसकट सगळे हसले आणि तिने ऊद चांगला जवळ नेऊन दाखवला.